कंपास चांगला होता : डॉक्टर विल्यम गिल्बर्ट यांची गोष्ट



मी निवृत्त लष्करी अधिकारी आहे. पायदळात आयुष्य गेलं. आता इंदूरला राहतो. शास्त्रज्ञ नाही, इतिहासकारही नाही. पदवी घेतली आणि थेट वर्दी चढवली. त्यामुळे या मालिकेत विज्ञानावर बोलायला मला बोलावलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मग विचार केला की एक माणूस असा आहे ज्याचं देणं माझ्यावर आहे. त्याच्याबद्दल बोलता येईल. आणि त्याच्या निमित्तानं आणखी एका माणसाचं देणं फेडायचं आहे, तेही आजच जमलं तर बघू.

पहिला माणूस इंग्लंडचा. नाव विल्यम गिल्बर्ट. धंद्यानं डॉक्टर, राणी पहिल्या एलिझाबेथचा राजवैद्य. पण जगाला तो आठवतो तो चुंबकासाठी. पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे, असं १६०० साली पुस्तक लिहून सांगणारा हा माणूस.

पण सुरुवात मी माझ्यापासून करतो, कारण चुंबकाशी माझी ओळख फार वाईट पद्धतीनं झाली.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी नवा कोरा सेकंड लेफ्टनंट. राजस्थानच्या वाळवंटात आमच्या पलटणीचा युद्धसराव चालू होता. रात्री पाच किलोमीटर चालून पहाटेच्या आत एका ठरलेल्या जागी पोचायचं आणि हल्ल्यासाठी तयार राहायचं, असा हुकूम. वाट शोधायची जबाबदारी माझ्यावर. वाळवंटात रात्री ना झाड, ना टेकडी, ना दिवा. हातात फक्त कंपास. बेअरिंग १० अंश, म्हणजे जवळजवळ नाकासमोर उत्तर.

तासभर चाललो असू. माझ्या मागचा हवालदार हळूच पुढे आला. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस. म्हणाला, "साहेब, ध्रुव तारा समोर पाहिजे होता. तो पार डाव्या खांद्याकडं सरकलाय."

मी तेवीस वर्षांचा. म्हटलं, "आपण कंपासनं चालतोय, ताऱ्यांनी नाही."

तो "जी साहेब" म्हणून मागे गेला.

पहाटे आम्ही पोचलो ते ठरलेल्या जागेपासून सुमारे एक किलोमीटर उजवीकडे. हिशेब सोपा आहे. बारा अंशांची चूक पाच किलोमीटरवर साधारण एक किलोमीटर होते. आमच्यावाचून हल्ला झाला आणि फसला. जवानांमध्ये कुजबुज सुरू झाली की चकवा लागला. आपल्याकडे गावाकडे म्हणतात ना, रात्री रानात चकवा लागतो आणि माणूस तिथल्या तिथेच फिरत राहतो, तसा.

सराव होता म्हणून कोणी मेलं नाही. एवढंच.

मला रिपोर्ट द्यायचा होता. मी लिहिलं, कंपास सदोष. दोन शब्द. त्याचा परिणाम काय झाला ते शेवटी सांगतो. आधी डॉक्टर गिल्बर्ट.

निवृत्तीनंतर एकदा नातीनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलं, "आजोबा, सुई उत्तरेलाच का जाते?" मी म्हटलं, "उत्तर दिशा तिला खेचते." ती म्हणाली, "का खेचते?" तीस-पस्तीस वर्षं मी कंपास वापरला, शेकडो पोरांना नकाशावाचन शिकवलं, आणि या 'का'वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा वाचायला लागलो आणि वाचता वाचता गिल्बर्टपाशी पोचलो.

त्याचा जन्म १५४४ सालचा, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या कोलचेस्टर गावातला. वडील कायद्याच्या कामातले, गावचे रेकॉर्डर म्हणजे नगरपालिकेचे न्यायाधिकारी. घर खाऊनपिऊन सुखी. १५५८ साली मुलगा केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि अकरा वर्षं तिथेच शिकला. १५६९ साली वैद्यकातली डॉक्टरेट घेतली. पुढे लंडनला दवाखाना थाटला, नाव झालं, डॉक्टरांच्या कॉलेजात तो मानाच्या एकेक पदावर चढत गेला आणि १६०० साली त्या संस्थेचा अध्यक्ष झाला. लग्न केलं नाही. पैसा भरपूर मिळवला आणि त्यातला बराचसा चुंबक, खनिजं आणि उपकरणं यांच्यावर घालवला.

एक गोष्ट माझ्यासारख्याला विशेष वाटते. १५८८ साली स्पेनचं प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आलं. ते परतवलं गेलं, पण लढाईत मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त इंग्रज खलाशी नंतर तापानं आणि रोगराईनं मेले. त्या वेळी आरमाराच्या माणसांच्या तब्येतीकडे बघायला ज्या मोजक्या डॉक्टरांना सरकारनं सांगितलं, त्यांत गिल्बर्टचं नाव होतं. म्हणजे हा नुसता दरबारी वैद्य नव्हता. बोटीवरच्या माणसांशी त्याचा संबंध आला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळी चुंबकाबद्दल लोक काय समजत होते, ते ऐकण्यासारखं आहे. कोणी म्हणे, सुईला ध्रुव तारा ओढतो. कोणी म्हणे, उत्तरेला चुंबकाचा डोंगर आहे, त्याच्याजवळून जहाज गेलं की फळ्यांमधले खिळे उपटून निघतात. कोणी म्हणे, लसणाच्या वासानं चुंबकाची शक्ती जाते. म्हणून म्हणे, कंपासजवळ बसणाऱ्यानं लसूण खाऊ नये. ही लसणाची कथा शेकडो वर्षं एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरवली जात होती. आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात तपासता येईल अशी ती गोष्ट होती!

गिल्बर्टनं चुंबकाला लसूण चोळला. काही झालं नाही. विषय संपला. खरं म्हणजे त्याच्या थोडं आधी इटलीतल्या पोर्ता नावाच्या विद्वानानंही लसणाची कथा खोटी ठरवली होती. पण याच पोर्तानं दुसरी कथा पुढे ढकलली होती, की हिरा लोखंडावर घासला तर लोखंडाची सुई उत्तर दाखवू लागते. गिल्बर्टनं हेही तपासलं. एक हिरा घेऊन नाही, पंचाहत्तर हिरे घेऊन, आणि साक्षीदार बसवून. लोखंडाच्या सळया आणि तारा पाण्यावर तरंगत ठेवल्या, हिऱ्यांनी घासल्या. एकही सुई वळली नाही. पंचाहत्तर हिरे त्यानं कुठून जमवले असतील, असा प्रश्न माझ्या सौभाग्यवतींना पडला. लंडनच्या धनिक रुग्णांची डॉक्टरवर मर्जी असणार!

डॉक्टर म्हणूनही त्याची नजर तशीच होती. तेव्हा वैद्य लोक चुंबकाची पूड मलमात घालत. जखमेत लोखंडाचा तुकडा रुतला असेल तर तो मलमानं ओढून बाहेर येईल, ही समजूत. गिल्बर्टनं लिहिलं की चुंबक कुटून पूड केला की त्याची ओढ अशी राहत नाही, मलम लोखंड काढणार कसं? चारशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य. आमच्या कॉलनीत आजही सांधेदुखीवर चुंबकाचे पट्टे विकायला माणूस येतो आणि माझे निवृत्त मित्र ते घेतात. मी काही बोलत नाही. फक्त विचारतो, "तपासून पाहिलंत का?"

आता त्याचं मुख्य काम. त्यानं नैसर्गिक चुंबकाचा दगड घेतला आणि कातून त्याचा गोळा बनवला. त्याला नाव दिलं 'टेरेला', म्हणजे छोटी पृथ्वी. मग टाचणीएवढी सुई त्या गोळ्यावर ठिकठिकाणी ठेवून ती कशी उभी राहते ते पाहिलं.

गोल चुंबकाची कल्पना त्याच्याही आधीची आहे, आणि ती सांगताना मला फौजी म्हणून फार आनंद होतो. १२६९ साली पिएर द मारिकूर नावाच्या फ्रेंच माणसानं चुंबकावर एक दीर्घ पत्र लिहिलं. कुठे बसून लिहिलं? इटलीतल्या लुचेरा शहराला वेढा पडला होता, त्या वेढ्याच्या छावणीत. वेढ्यात फौजेला वेळच वेळ असतो हो! आमच्यासारखे पत्ते खेळतात. यानं चुंबकाच्या गोळ्यावर ध्रुव शोधले.

पण गोळा म्हणजे पृथ्वीच, हे गिल्बर्टनं जोडलं. आणि ते जोडायला त्याला मदत झाली ती एका खलाशाची.

त्याचं नाव रॉबर्ट नॉर्मन. अठरा-वीस वर्षं समुद्रावर काढली आणि मग लंडनमध्ये कंपास बनवायचा धंदा केला. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला माणूस. त्याला एक त्रास वारंवार व्हायचा. तो सुई अगदी तोलून बनवायचा, तराजूच्या दांडीसारखी आडवी. मग तिला चुंबक लावला की तिचं उत्तरेकडचं टोक खाली झुकायचं. तोल सांभाळायला तो दुसऱ्या टोकाला थोडं वजन लावून द्यायचा आणि गिऱ्हाइकाला माल द्यायचा. आपणही असंच करतो. त्रास का होतो ते न विचारता पाचर मारून मोकळे होतो.

एकदा चांगल्या कामाची लांब सुई करताना झुकणारं टोक कापता कापता जास्तच कापलं गेलं. सगळी मेहनत वाया. नॉर्मन भडकला. आणि त्या रागात त्यानं ठरवलं की हे झुकणं काय आहे ते आता शोधायचंच. त्यानं सुईला उभं फिरता येईल असं यंत्र बनवलं आणि मोजलं. लंडनमध्ये सुई क्षितिजाखाली सुमारे ७२ अंश झुकते. १५८१ साली त्यानं हे छापलं, लॅटिनमध्ये नाही, साध्या इंग्रजीत.

गिल्बर्टनं हे वाचलं आणि आपल्या दगडी गोळ्याकडे पाहिलं. गोळ्याच्या मध्यरेषेवर सुई आडवी. ध्रुवावर ताठ उभी. मधल्या जागी तिरपी, जितकं ध्रुवाकडे जावं तितकी जास्त तिरपी. नॉर्मनची सुई लंडनमध्ये जशी वागते, तशीच गोळ्यावरची सुई योग्य जागी वागत होती. म्हणजे सुईला ओढणारी शक्ती आकाशातल्या ताऱ्यात नाही, उत्तरेच्या डोंगरातही नाही. ती आपल्या पायाखाली आहे. सगळी पृथ्वीच चुंबक आहे.

हे आपल्या देशातही दिसतं. दक्षिण टोकाजवळ, कन्याकुमारीकडे, मोकळी सुई जवळजवळ आडवी राहते. देहरादूनला ती ४५ अंशांच्या आसपास झुकते. म्हणून कंपास जगाच्या कोणत्या भागासाठी तोललेला आहे, हे पाहावं लागतं. एका भागातला कंपास दूरच्या दुसऱ्या भागात नेला तर सुईचं टोक झुकून डबीला घासतं. तुम्ही ट्रेकिंगला परदेशी जाणार असाल तर हे लक्षात ठेवा.

१६०० साली पुस्तक निघालं. लॅटिनमध्ये, सहा भागांचं. मराठीत नाव सांगायचं तर 'चुंबक, चुंबकीय वस्तू आणि पृथ्वी नावाचा महाचुंबक यांविषयी'. थोडक्यात त्याला 'दे मॅग्नेटे' म्हणतात. मी त्याचं इंग्रजी भाषांतर वाचलं. समासात जागोजागी तारकांच्या खुणा आहेत. स्वतः शोधून काढलेली मोठी गोष्ट असेल तिथे मोठी तारका, लहान असेल तिथे लहान. मला ही पद्धत फार आवडली. माझं काय, दुसऱ्याचं काय, आणि माझ्यातलं मोठं किती, छोटं किती, सगळं उघड्यावर.

आणि झुकणाऱ्या सुईचा विषय येतो तिथे काय केलंय? नॉर्मनचं नाव घेतलंय. कुशल दर्यावर्दी आणि कल्पक कारागीर असा त्याचा गौरव करून, हे झुकणं पहिल्यांदा त्यानं शोधलं, असं लिहिलंय. राणीचा डॉक्टर, डॉक्टरांच्या संस्थेचा अध्यक्ष, लॅटिनमध्ये साऱ्या युरोपातल्या विद्वानांसाठी लिहितोय, आणि त्यात एका कंपासवाल्याचं नाव देतोय. न देता चाललं असतं. कोण विचारणार होतं?

याच पुस्तकात एक चित्र आहे, लोहाराच्या भट्टीचं. लोहार ऐरणीवर तापलेली सळई ठोकतोय आणि चित्रात उत्तर आणि दक्षिण अशा दिशा लिहिल्यात. गिल्बर्टनं दाखवलं की तापलेलं लोखंड उत्तर-दक्षिण धरून ठोकलं आणि तसंच थंड होऊ दिलं, तर ते आपोआप थोडं चुंबक बनतं. पृथ्वीच त्याला चुंबक बनवते. खिडकीचे गज वीस-वीस वर्षं उत्तर-दक्षिण राहिले तर त्यांच्यातही हा गुण येतो. आणि चुंबकच लालबुंद तापवला तर त्याचा सगळा गुण जातो. हे सगळं त्याला लोहारांकडे, खाणवाल्यांकडे, खलाशांकडे बसल्याशिवाय कळलं नसतं.

आणखी एक काम. गवताची काडी ओढणारा एक पिवळा खडा आपल्याकडे माहीत होता, त्याला आपण तृणमणी म्हणतो. नावातच गुण आहे. जसा लोखंडाचा प्रियकर तो अयस्कांत, तसा गवताचा ओढा असलेला तो तृणमणी. युरोपात तृणमणी आणि चुंबक यांची ओढ एकच, असं बरेच जण समजत. गिल्बर्टनं दोन्ही वेगळ्या केल्या. धातूची हलकी सुई टोकावर तोलून ठेवली आणि काच, गंधक, लाख, नीलमणी असे पदार्थ घासून तिच्याजवळ नेले. सगळ्यांनी तिला ओढलं. मध्ये कागद धरला तर ही ओढ अडते, चुंबकाची अडत नाही. तृणमणीला ग्रीक भाषेत 'एलेक्ट्रॉन' म्हणतात, त्यावरून अशा पदार्थांना त्यानं 'इलेक्ट्रिक' हे नाव दिलं. दर महिन्याला येणाऱ्या विजेच्या बिलावरचा तो शब्द या डॉक्टरकडून आलाय.

आता त्याच्या चुका. त्या सांगितल्या नाहीत तर तो देव होईल, आणि देव झालेल्या माणसाकडून शिकता येत नाही.

सुई अचूक भौगोलिक उत्तर दाखवत नाही, थोडी सरकलेली असते. त्याच्या काळात लंडनला ती सुमारे ११ अंश पूर्वेकडे होती. गिल्बर्टला वाटलं, हे खंडांच्या उंचसखलपणामुळे होतं, म्हणून एका जागी हा फरक कायम तेवढाच राहणार. तो गेल्यावर तीसेक वर्षांनी, १६३४ साली, हेन्री गेलिब्रँडनं लंडनजवळ पुन्हा मोजलं, तर फरक ४ अंशांच्या आसपास उरला होता. म्हणजे फरक काळाप्रमाणे बदलतो. म्हणूनच आमच्या लष्करी नकाशावर, सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, हा फरक कोणत्या सालचा ते छापलेलं असतं आणि दर वर्षी किती बदलतो तेही. भारतात तो फार मोठा नाही, पण रात्रीच्या अंधारात 'फार मोठा नाही' हेही पुरेसं असतं.

दुसरी चूक गमतीची आहे. पृथ्वी म्हणजे घन चुंबकाचा गोळा असं त्याचं मत. पण पृथ्वीचं पोट भयंकर तापलेलं आहे, आणि तापलं की चुंबकाचा गुण जातो हे त्यानंच भट्टीपाशी पाहिलं होतं! आज आपल्याला माहीत आहे की पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड खळबळत असतं, त्या हालचालीतून विद्युतप्रवाह वाहतात आणि त्यातून हे चुंबकत्व येतं. म्हणून चुंबकीय ध्रुव एका जागी बसत नाही. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉसनं तो कॅनडाच्या उत्तरेला शोधला. आता तो तिथून बराच दूर, सैबेरियाच्या बाजूला सरकलाय.

तरी त्याचं पुस्तक दूर गेलं. केप्लरनं ग्रह सूर्याभोवती कशामुळे फिरतात याचा विचार करताना त्याची कल्पना उचलली. गॅलिलिओनं त्याची वाखाणणी केली, फक्त म्हणाला की गणित थोडं जास्त हवं होतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे गिल्बर्टनं त्याच पुस्तकात उघड लिहिलं, आणि त्याच १६०० साली रोममध्ये जोर्दानो ब्रुनोला जिवंत जाळलं होतं.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १६०० ला, त्याच राणीनं आणखी एका कागदावर मोहोर उठवली. ईस्ट इंडिया कंपनीची सनद. पुढे त्या कंपनीची जहाजं अशाच सुया घेऊन आपल्या किनाऱ्याला लागली. आणि त्याच कंपनीनं १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा बांधली. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं सुया थरथरणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी चुंबकीय निरीक्षणं अलिबागला हलवली. पण एकदम नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा पक्का बसावा. सह्याद्रीच्या काळ्या दगडात चुंबकीय खनिज असतं, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला. अलिबागला समुद्रावर जाता ना तुम्ही? किल्ल्यासमोर भेळ खाता? तिथूनच जवळ ही वेधशाळा आहे. जगातल्या सर्वांत लांब चाललेल्या चुंबकीय नोंदींपैकी एक तिथे आहे. पुढच्या वेळी निदान बाहेरून नमस्कार करा.

गिल्बर्टचा शेवट लवकर आला. मार्च १६०३ मध्ये राणी वारली. नव्या राजानंही त्याला ठेवून घेतलं. पण त्या वर्षी लंडनमध्ये प्लेगनं हजारो माणसं नेली, आणि ३० नोव्हेंबरला गिल्बर्टही गेला, बहुधा त्याच प्लेगनं. आपली पुस्तकं, पृथ्वीगोल, उपकरणं, खनिजं, सगळं त्यानं डॉक्टरांच्या कॉलेजाला दिलं. १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीत ते सगळं जळालं. त्याच्या हातचा तो दगडी गोळाही गेला. उरलं ते पुस्तक, त्यातल्या तारका आणि त्यात घेतलेली माणसांची नावं.

आता माझ्या रिपोर्टकडे येतो.

'कंपास सदोष' असं मी लिहिलं. त्यावर चौकशी झाली. स्टोअरच्या नायकाला सगळ्या कंपनीसमोर उभं केलं आणि झाडलं. सातारा जिल्ह्यातला मुलगा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. तो एकदाच बोलला, "साहेब, मी दोनदा तपासून दिला होता." मी पाच पावलांवर उभा होतो. गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी कंपास दुरुस्तीला गेला. तिथल्या कारागिरानं तो लाकडी टेबलावर ठेवला, ओळखीच्या खुणांवर धरून पाहिला. अगदी बरोबर. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, त्या रात्री कार्बाइन कुठं होती?" गळ्यात होती. छातीवर तिरकी. डोक्यावर पोलादी हेल्मेट. आणि कंपास डोळ्याशी. त्यानं माझी कार्बाइन त्या अंतरावर आणली. सुई सरकली. त्यानं काही म्हटलं नाही. कार्बाइन परत दिली.

मंडळी, हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. अकादमीत शिकलो होतो, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. कंपास वाचताना हत्यार काही पावलं लांब, गाडी त्याहून लांब, विजेच्या मोठ्या तारा आणखी लांब. पाठ होतं. पण पाठ असणं आणि त्या अंधारात हत्यार उतरवून ठेवायचं सुचणं यात अंतर आहे. हवालदाराला ते सुचलं नसेल, पण त्यानं तारा पाहिला होता. माझी सुई आणि त्याचा तारा जुळत नव्हते, तेव्हाच थांबून तपासायचं होतं. दोन मिनिटांचं काम. मी थांबलो नाही, कारण तारा हवालदारानं दाखवला होता.

दोन दिवसांनी मी कमांडिंग ऑफिसरसमोर जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "कळलं ना? मग झालं." रिपोर्ट दुरुस्त झाला. त्यांच्या बंद खोलीत.

इथेच माझं चुकलं. नायकाला झाडलं होतं मैदानात, सगळ्यांसमोर. माझी कबुली झाली बंद दारामागे. तो मला आधीसारखाच सॅल्यूट करत राहिला. मी त्याला एकट्याला गाठून "सॉरी" म्हटलं, तो हसून "असू द्या साहेब" म्हणाला. पण ज्या शंभर माणसांनी त्याची मान खाली गेलेली पाहिली, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. काही महिन्यांत माझी बदली झाली. तो पुढे कुठे गेला, मला माहीत नाही.

गिल्बर्टच्या पुस्तकात नॉर्मनचं नाव वाचलं, त्या रात्री मला हे सगळं आठवलं आणि झोप लागली नाही. त्यानं कंपासवाल्याचं नाव सगळ्या जगासमोर घेतलं. मी कंपास देणाऱ्याचा अपमान सगळ्यांसमोर होऊ दिला आणि माफी कानात मागितली.

त्याचं नाव मी इथे घेत नाही, त्याला विचारल्याशिवाय घेणं बरं नाही. पण त्या पलटणीतलं कोणी हे ऐकत असेल, वाचत असेल, तर त्याला ही गोष्ट लगेच ओळखू येईल. त्यांच्यासाठी, उघड्यावर सांगतो. तो कंपास चांगला होता. नायकानं तो दोनदा तपासून दिला होता. चूक माझी होती. आणि हवालदार साहेब, तुमचा ध्रुव तारा बरोबर होता.

तरुण मुलांना एक काम देतो आणि थांबतो. घरी वाटीत पाणी घ्या. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा घासा. कागदाच्या तुकड्यावर ठेवून ती पाण्यावर सोडा. ती उत्तर-दक्षिण होईल. मग खिशातला मोबाइल हळूहळू तिच्याजवळ आणा. सुई कोणत्या अंतरावर फसते ते मोजा आणि वहीत लिहा. कोणाकडून काही कळलं असेल तर त्याचं नावही लिहा.

जय हिंद.